चार दातांचा जाब

साहेब, माझ्या बापाचे समोरचे चार दात तुम्ही पाडलेत.

शिपायानं नाही. वरच्या हुकमानं नाही. लोक चिडले होते, गर्दी झाली होती, धक्का लागला, असलंही काही नाही. तुम्ही पाडलेत. टेबलावरचा पितळी पेपरवेट मुठीत आवळून, खुर्चीतून अर्धवट उठून. मी बाहेर बाकावर बसले होते. तुमच्या दाराला छातीपर्यंत लाकूड आहे आणि वर धुरकट काच. त्या काचेतून माणूस दिसत नाही, हालचाल दिसते. एक हात वर गेलेला मला दिसला. मग आवाज आला. प्लास्टरचा साचा फोडताना हातोडीचा येतो ना, तसला. तो आवाज माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून मला तिथंच कळलं काय तुटलं ते.

तुम्हाला आठवत नसेल. मारणाऱ्याला कशाला आठवेल? मार ज्याला बसतो त्याच्याकडे सगळं जपून ठेवलेलं असतं. तेव्हा मीच आठवण करून देते, पहिल्यापासून.

माझा बाप गवंडी, त्यातही गिलाव्याचा. भिंत पुरी झाली की डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवायचा आणि सांगायचा, इथं दाणा राहिलाय. आणि दाणा असायचाच. बांधकामावरची माणसं त्याला ओळंबा म्हणायची. त्याच्यापुढे वाकडं काही टिकत नसे, भिंत नाही की मुकादम नाही. तुमच्या दालनाचा गिलावासुद्धा त्याचाच, नऊ वर्षांपूर्वीचा. तुम्ही ज्या भिंतीवर त्याचं डोकं आपटलंत, ती त्यानंच आरशासारखी केली होती. घरी आल्यावर तो म्हणाला, "खडबडीत ठेवली नाही ते बरं झालं गं. कातडी वाचली."

रविवारी तेच हात पवित्र शास्त्र उघडायचे. टायरच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चाळीस-पंचेचाळीस माणसं जमायचो. ड्रायव्हर, घरकाम करणाऱ्या बाया, एक निवृत्त नर्स, शिवणकाम करणारी माझी आत्या. बाबा काही पगारी पाळक नव्हते. कुणी आजारी पडलं तर उशाशी बसायचे, कुणी मेलं तर खड्ड्याशी उभे राहायचे, कुणाची भिंत पडली तर सोमवारी थापी घेऊन जायचे. ही आमची मंडळी. तिला तुम्ही सील ठोकलंत. दोरा, लाख, शिक्का. कारण लिहिलंत 'तक्रार'. कुणाची, ते लिहायला तुमच्या पेनातली शाई संपली असावी.

मग बाबांना बोलावून एक कागद पुढं केलात. त्यावर दोनच ओळी होत्या. मला पाठ आहेत. 'मी प्रार्थनेच्या नावाखाली लोकांना फसवत आलो आहे. यापुढे फसवणार नाही.' खाली सहीची जागा.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, "साहेब, दुसऱ्या ओळीवर करतो सही. ती खरी आहे. यापुढं नाहीच फसवणार. पहिली तेवढी खोडा, ती खोटी आहे."

तुम्हाला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नव्हती हो. गवंडी माणूस, जेवढं सरळ होतं तेवढं ठेवलं आणि वाकडं तेवढं पाडायला सांगितलं.

तेव्हा तो हात वर गेला.

मार खाल्ल्यावर बाबांनी तुम्हाला विचारलं. तोंडात रक्त भरलेलं, तरी मला बाकावर शब्द न् शब्द ऐकू आला. "चुकलो असेन तर कुठं ते दाखवा. नसेन, तर का मारता?"

तुम्ही बेल वाजवलीत.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते, तो प्रश्न बाबांचा नव्हे. आम्ही ज्याला प्रभू म्हणतो त्यालाही अशाच एका चौकशीत, अशाच एका सरकारी नोकरानं तोंडात मारली होती. सगळ्यांना त्याचं दुसरा गाल पुढं करणं तेवढं माहीत आहे. सोयीचं आहे ना ते, मारणाऱ्यांच्या. त्या दिवशी त्यानं गाल पुढं केला नाही. त्यानं सरळ विचारलं, माझं चुकलं असेल तर सिद्ध कर, नाहीतर मारलंस का? दोन हजार वर्षं झाली. त्या नोकरानंही उत्तर दिलेलं नाही. तुमचं खातं जुनं आहे साहेब.

बाबा बाहेर आले तेव्हा मूठ झाकलेली होती. उघडली तर चार दात. तुमच्या फरशीवरून वेचून आणलेले. मला म्हणाले, "डबीत ठेव. पुनरुत्थानाच्या दिवशी शोधत बसायला नको."

मी हसले नाही. मी त्या दिवशी ठरवलं.

आता माझं सांगते. मी कवळ्या करते. दातांचा दवाखाना पुढं, मधे एक फळी, आणि फळीमागं माझं टेबल. पुढं डॉक्टर तोंडाचं माप घेतो, ते माझ्याकडं येतं. मी त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढते, त्यावर मेण बसवते, मेणात दात रचते. मग सगळं पितळी डबीत बंद करून उकळते. मेण वाहून जातं, त्याच्या जागी गुलाबी प्लास्टिक दाबून भरते. बावीस वर्षं हेच. कुठं शिकले नाही, बघून बघून शिकले. गल्लीत मला कवळीवाली म्हणतात. अर्ध्या गल्लीचं हसू माझ्या हातचं आहे.

त्यानंतरचे चार महिने बाबा पाव दुधात बुडवून खात होते. वाचायला बसले की 'स' आणि 'त' फटीतून निसटायचे. खोलीला सील, म्हणून आम्ही घराघरांत पाच-सहा जण जमायचो, खिडक्या लावून, आणि गीत तोंड मिटून गुणगुणायचो. आत्या पहिल्या दिवशी म्हणाली, "आता देवाला मिटल्या ओठांवरून गाणं ओळखायला शिकवा म्हणजे झालं." तरी यायची. सगळे यायचे. पंचेचाळीसातले एकेचाळीस. चौघांनी तुमच्या कागदावर सही केली. त्यांच्याबद्दल बाबांनी आम्हाला एक अक्षर बोलू दिलं नाही.

मी पण जायचे. गुणगुणायचे नाही. सगळ्यांचे डोळे मिटले की मी प्रभूला एकच सांगायचे. तो माणूस माझ्या हातात दे. बाकी आयुष्यात काही मागत नाही.

आणि त्यानं दिलं तुम्हाला.

सोमवारी डॉक्टर फळीवरून वाकून म्हणाला, "ऐक, मोठं गिऱ्हाईक आहे. वरचे-खालचे सगळे गेलेत, हिरड्या सडल्या होत्या. पुढच्या शुक्रवारी त्यांना वरची खुर्ची मिळतेय, भाषण आहे. त्याआधी कवळी तोंडात पाहिजे. जीव ओतून कर."

चिठ्ठीवर तुमचं नाव होतं. हातात तुमचा जबडा होता.

मी ते माप दिव्याखाली धरलं आणि हसले. एकटीच. डॉक्टर पलीकडून म्हणाला, "काय गं, काय झालं?"

"काही नाही डॉक्टर. प्रार्थना ऐकली गेली."

"बघ, मी म्हणतच होतो, तुमचा देव ऐकतो."

त्याला काय माहीत मी काय मागितलं होतं.

घरी आत्याला सांगितलं. ती कापडात सुई खुपसून उठलीच. "दात घशात घालणं म्हणतात ते हेच गं बाई! असं काही कर की प्रत्येक घासाला त्याला आपली आठवण झाली पाहिजे." मी म्हटलं, "बाबांना सांगू नकोस." ती म्हणाली, "मी काय वेडी आहे? तो मला गुडघ्यावर बसवेल."

काय करायचं ते मला आधीच सुचलं होतं. दात वाकडे लावले तर डॉक्टरला दिसतात. चाव उंच ठेवला तर तो घासून टाकतो. पण मेण उकळून गेल्यावर डबीत जो उघडा साचा राहतो, त्यावर एका जागी पात्यानं जरा खरवडलं, की प्लास्टिक तेवढं आत फुगतं. कवळीच्या आतल्या बाजूला एक टेंगूळ येतं, तांदळाच्या दाण्याएवढं. बसवताना कळत नाही. दुसऱ्या दिवशी रुततं, चौथ्या दिवशी फोड येतो. माणूस बोलायला तोंड उघडतो आणि डोळ्यात पाणी येतं. डॉक्टर म्हणतो हिरडी नाजूक आहे, होईल सवय. बावीस वर्षांत चुकून माझ्या हातून असं दोनदा झालंय. त्या दोघांची तोंडं मला अजून आठवतात.

म्हणून मी ते मुद्दाम केलं, साहेब. पुढच्या सोमवारी दुपारी. मेण वाहून गेलं, डबी उघडली, साचा वाळायला ठेवला आणि छोटं पातं घेतलं. तुमच्या वरच्या जबड्याच्या उजव्या कडेला, जिथं हाड धारेचं आहे तिथं, तीनदा ओढलं. पांढरी पूड पडली ती फुंकून टाकली. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. तुम्ही खुर्चीवर बसलाय, टाळ्या पडताहेत आणि तुमच्या तोंडात माझं पातं फिरतंय, हे मला दिसत होतं. मी अजूनही तुम्हाला सांगते, त्या आनंदाची मला लाज वाटत नाही. जे वाटलं ते वाटलं.

तेवढ्यात बाबा माझा डबा घेऊन आले.

ते नेहमी येतात. डबा ठेवतात, स्टुलावर बसतात, माझ्या प्लास्टरची चेष्टा करतात. "आमच्याकडं गोणीनं, तुमच्याकडं चमच्यानं," असलं काहीतरी. त्या दिवशीही बसले आणि सवयीनं हात पुढं केला. प्लास्टर दिसलं की त्यांचा हात जातोच. डोळे मिटून साच्यावर अंगठा फिरवला. वर, खाली, पुन्हा वर. उजव्या कडेला थांबला.

"इथं काय झालंय?"

"काय झालंय?"

"खड्डा आहे. आणि हा ओतीव खड्डा नाही. पात्याचा आहे. काठ बघ, ताजा आहे." डोळे उघडले. "हात घसरला का घसरवलास?"

मी डब्याचं झाकण उघडायला लागले. ते म्हणाले, "कुणाचा जबडा आहे?"

मी सांगितलं.

फळीपलीकडं डॉक्टरची मशीन घुंईऽऽ करत होती. बाबांनी दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण परत लावलं. मला वाटलं आता शास्त्र येणार. माफ कर, पोरी. वैऱ्यावर प्रीती कर. माझं उत्तर तयार होतं, ओठांवर होतं, फार वाईट होतं.

ते म्हणाले, "दुखेल का त्याला?"

"खूप."

"किती दिवस?"

"बदलेपर्यंत. महिना, दोन महिने."

"हं." अंगठा अजून तिथंच होता. "मला बरं वाटलं असतं."

"मग वाटू दे ना, बाबा!"

"हळू बोल. मी काही तुला माफ कर म्हणून सांगायला बसलो नाही. मला स्वतःलाच जमलेलं नाही. रोज सकाळी माफ करायला बसतो. करतोसुद्धा. दुपारी पाव दुधात बुडवला की संपतं सगळं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो."

"मग?"

"मग काय. त्या कागदावर काय लिहिलं होतं सांग."

मी पातं पुसायला लागले.

"पहिली ओळ सांग गं."

"मी लोकांना फसवत आलो आहे."

"चार दात गेले पण मी त्याच्यावर सही नाही केली." त्यांनी अंगठा उचलला आणि माझ्यापुढं धरला. त्यावर तुमच्या जबड्याची पांढरी पूड होती. शाईच्या अंगठ्यासारखा दिसत होता. "ही तुझी सही. गिऱ्हाइकाला चांगलं म्हणून वाईट काम द्यायचं, याला दुसरं नाव असलं तर सांग. तो आपल्याला फसवे म्हणत होता. आपण फसवे आहोत हे त्याच्या तोंडात घालून तू त्याला पुरावा देतेयस. तोही फुकट."

"आणि त्यानं मारलं ते?"

"ते आहे की. ते कुठं गेलंय? त्याचा जाब विचार ना. मी विचारला, तू विचार, रस्त्यात उभी राहून विचार. पण विचार. लपून टोचू नकोस. लपून ढेकूण चावतो."

आणि डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "खा आधी. गार होतंय."

मला राग आला, साहेब. तुमच्यापेक्षा जास्त त्यांचा आला. माझं चार महिन्यांचं मागणं एका अंगठ्यानं पुसलं त्या माणसानं. मी जेवले नाही. ते गेल्यावर तो साचा हातोडीनं फोडला. एका घावात नाही, चांगले सात-आठ घातले. प्रत्येक घाव तुम्हाला होता.

खरवडलेलं प्लास्टर पुन्हा तंतोतंत भरता येत नाही. नवं माप घ्यावं लागतं. डॉक्टरला जाऊन म्हटलं, "साचा माझ्या हातून बिघडला. पुन्हा माप घ्या." तो पांढरा पडला. "अगं, शुक्रवारी कार्यक्रम आहे! मी त्यांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

मंगळवारी तुम्हाला पुन्हा खुर्चीत बसावं लागलं. घशापर्यंत मापाचा लगदा भरून ओकाऱ्या काढत होतात, फळीमागं मला ऐकू येत होतं. का बसावं लागलं हे तेव्हा कळलं नव्हतं ना? आता कळलं. तेवढं सुख मी ठेवून घेतलं. बाबांना विचारून घेतलं नाही.

मग मी काम केलं. मंगळवार, बुधवार, गुरुवारची सकाळ. असं काम मी कुणाचं केलं नसेल. तुमचा एकेक दात रचताना मी दात-ओठ खात होते, आणि तरी एक दात केसभर इकडंतिकडं होऊ दिला नाही. द्वेषानं हात कापतो म्हणतात. खोटं आहे. द्वेषानं माझा हात दगडासारखा स्थिर झाला होता.

आणि मी जाब लिहिला.

आमच्याकडं एक पद्धत आहे. कवळी हरवते, दवाखान्यांतून अदलाबदल होते. म्हणून वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, टाळूला टेकते तिथं, आम्ही एक कागदाची बारीक पट्टी ठेवतो आणि वर पारदर्शक प्लास्टिक भरतो. त्यावर गिऱ्हाइकाचा नंबर असतो. तुमच्या पट्टीवर मी नंबर लिहिला, आणि नंबराच्या वर, सगळ्यात बारीक निबानं, एक ओळ. 'चुकलो असेन तर दाखवा. नसेन तर का मारलंत?'

गुरुवारी दुपारी तुम्ही आलात. तोंडावर रुमाल. रुमालाआड गालांची खोबणी. डॉक्टरनं कवळी बसवली, निळा कागद चावायला दिला, चाव कुठं उंच लागतोय का ते ठिपक्यांवरून बघितलं, पुन्हा बघितलं. घासायला यंत्र उचललं होतं, ते तसंच खाली ठेवलं. तुम्ही आरसा हातात घेतलात आणि बोललात, "सन्माननीय सहकाऱ्यांनो." स्वच्छ. एकही अक्षर निसटलं नाही.

"कुठंच टोचत नाही," तुम्ही म्हणालात. "कुणी केली?"

डॉक्टरनं मला पुढं बोलावलं. फुशारकीनं म्हणाला, "ही आमची बाई. दात लावत नाही, वय उतरवते."

"कुणाकडं शिकलीस?"

"काम सरळ करायचं बापाकडं शिकले," मी म्हटलं. "साहेब, नेण्याआधी एक सांगायचंय. वरची काढा आणि आत बघा. डॉक्टर, तुमचं भिंग द्या त्यांना."

तुम्ही काढलीत. भिंग धरलंत. किती वेळ वाचत होतात, साहेब? ओळ तर आठ शब्दांची आहे.

"हे काय आहे?" दातांवाचून पुन्हा तुमचे शब्द फुसके झाले होते.

"चिठ्ठी. नंबर तुमचा आहे. ओळ माझ्या बापाची."

"कोण तुझा बाप?"

"तुमच्या दालनाचा गिलावा ज्यानं केला तो. सही न करणारा."

डॉक्टरच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि मग एक झालं ते तुमच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. तुमची जीभ आतून पुढच्या हिरडीवर फिरली. बरोबर समोर. चार दातांच्या जागेवर. म्हणजे आठवत होतं तुम्हाला.

"काढून टाक ते."

"काढते. पट्टी कापून पुन्हा भरावी लागेल. तीन दिवस."

"कार्यक्रम उद्या आहे!"

"मग उद्या बिनदाती बोला. नाहीतर आत्ता इथं उत्तर द्या, साहेब. नेमकं काय चुकलं होतं ते सांगा. मी तुमचं उत्तर त्या ओळीखाली लिहून देते, कुणी वाचलं तर दोन्ही बाजू वाचेल."

डॉक्टर म्हणाला, "अगं बाई, गप बस!" तो तुमच्याकडं बघून हसत होता आणि घामानं भिजला होता.

तुम्ही माझ्याकडं बघत कवळी तोंडात घातलीत. टक्. बरोबर बसली. रुमालाची घडी घालून खिशात ठेवलीत आणि गेलात.

शुक्रवारी मी रस्त्यावर उभी होते. तुमच्या सभागृहाबाहेर, कर्ण्याखाली. तुम्ही शिस्तीवर बोललात, लोकांच्या विश्वासावर बोललात, अर्धा तास. खोटं होतं, पण उच्चार लखलखीत. माझं काम बोलत होतं ना. दर वाक्याला मी खालून म्हणत होते, टाळूवर काय आहे साहेब? जीभ लागतेय का? बायाबापड्या वळून बघत होत्या. बघू देत.

घरी बाबांना सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं रागावले. मग हाताचा पंजा तोंडावर धरून, फट झाकून, खांदे हलेपर्यंत हसले. "पंचवीस वर्षं उपदेश करतोय," म्हणाले, "दाराबाहेर पडेपर्यंत लोक विसरतात. हा पहिला माणूस, ज्यानं माझं वाक्य तोंडात धरून ठेवलंय!"

आत्या म्हणाली, "फोड आला असता तर मला जास्त आवडलं असतं." तिच्यापाशी लपवाछपवी नाही.

सोमवारी डॉक्टरनं मला घरी बसवलं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला वरून फोन आला, आणि फोन कुणाचा ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. टेबल, डबी, हातोडी मी घरी आणलीय. खिडकीपाशी बसून करते. गल्लीतली म्हातारी माणसं थेट येतात. दुपारी तीच खोली प्रार्थनेची होते, माझं प्लास्टर एका कोपऱ्यात सरकवून. एकेचाळीस होतो, आता त्रेचाळीस आहोत. सही केलेल्या चौघांतले दोघं परत आले. एकानं दारातच मान खाली घातली. बाबा म्हणाले, "आत ये रे, उंबऱ्यात उभा राहिलास तर वारा अडतो." झालं. एवढ्यावर त्याला घेतलं. आणि परवापासून आम्ही तोंड उघडून गातो. खिडक्याही उघड्या.

एक कबूल करते. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, तेव्हा क्षमेची ओळ आली की मी थांबते. माझे ओठ मिटतात. बाबांना ऐकू येतं की एक आवाज गळला.  पुढच्या ओळीला मी पुन्हा सुरू होते. माझा तुमच्यावर दात आहे, साहेब, आणि तो मी उपटलेला नाही. देवापुढं आहे तो असा उघडा आहे. मी त्यालाही फसवत नाही.

बाबांचे चार दात मी कधीच करून ठेवलेत. छोटी पट्टी, चार दात, त्यांच्याच रंगाचे, थोडे पिवळट, एक किंचित तिरका, होता तसा. खिडकीत पत्र्याच्या डबीत आहेत. जुने चार शेजारच्या डबीत. मी शंभरदा म्हटलं, लावा. ते लावत नाहीत. म्हणतात, "प्रश्न विचारून ठेवलाय. उत्तर आलं की लावीन. तोवर भोक दिसू दे लोकांना."

चौसष्ट वर्षांचा माणूस दुधात पाव बुडवून खातोय, तुमच्या उत्तराची वाट बघत. तुम्ही त्याचं काहीही करू शकत होतात, केलंतही. खोली घेतलीत, दात घेतलेत, माझी नोकरी घेतलीत. त्याच्याकडून पहिल्या ओळीवर सही तेवढी घेता आली नाही. ती माझ्याकडून मिळत होती, सोमवारी दुपारी, तांदळाच्या दाण्याएवढी. तीही हुकली.

आता तुमची पाळी. कागद पाठवू नका, कागदावर तुम्ही काय लिहिता ते आम्हाला माहीत आहे. माणूस पाठवू नका. स्वतः या. आमचं दार तुमच्या माणसांना पाठ आहे. त्या म्हाताऱ्याच्या समोर स्टुलावर बसा आणि तोंडानं सांगा. तो चुकला असेल तर कुठं ते दाखवा. नसेल, तर का मारलंत?

बोलायला दात नाहीत असं म्हणू नका. मीच दिलेत.

बोला.